जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

आयुर्वेदात रोग्याची परीक्षा करण्याची तीन साधने सांगितलेली आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. यंत्राच्या बाबतीत यांपैकी पहिली दोन साधने सर्वांच्या अंगवळणी पडलेली असतात. बॉनेट उघडून आत डोकावण्याची हौस नाही असा मोटारमालक विरळाच, आणि हात लावून पाहण्याविषयी तर बोलायलाच नको. तिसरे साधन मात्र यंत्राला लागू नाही, अशी बहुतेकांची समजूत असते. मुके यंत्र प्रश्नाला उत्तर ते काय देणार? वस्तुतः यंत्रही उत्तर देते. पण विचारल्याखेरीज देत नाही, आणि एका वेळी एकाच प्रश्नाचे देते. जुन्या मोटारीच्या इंजिनाला सुटलेली थरथर हे याचे चांगले उदाहरण आहे.

समजा, इंग्लंडातील एखाद्या मध्यम प्राप्तीच्या गृहस्थाने तारुण्यातली एक इच्छा पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुरी केली आणि १९८६ सालची एक पोर्श ९४४ मोटार विकत घेतली. ही स्पोर्ट्स मोटार १९८२ पासून १९९१ पर्यंत बनत होती आणि त्या अवधीत दीड लाखाहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिची जुळणी जर्मनीतील नेकारझुल्म या गावी ऑडीच्या कारखान्यात होत असे. नवी असताना ती सुखवस्तू लोकांची होती. पुढे मात्र बरीच वर्षे तिची किंमत इतकी खाली उतरली होती, की साध्या नोकरदारानेही तिची स्वप्ने पाहावीत. सुटे भाग आणि मजुरी मात्र पोर्शच्याच तोलाची राहिली. हत्ती स्वस्तात मिळाला, म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही.

मोटार घरी आली आणि आठ दिवसांत दोन गोष्टी ध्यानात आल्या. तांबड्या दिव्यापाशी गाडी थांबली, की सुकाणूचे चाक हातात थरथरू लागे आणि आरशात मागची मोटार अंधुक दिसे. शिवाय मोकळ्या रस्त्यावर इंजिनाची गती मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या पुढे गेली, म्हणजे पायाखालच्या पत्र्यातून एक बारीक, मुंग्या आल्यासारखा कंप जाणवे. विकणाऱ्याने सांगितले होते, की ‘या गाड्या अशाच असतात.’ शेजाऱ्याने सांगितले, की बेअरिंगा गेल्या. गॅरेजवाल्याने मान हलवून सांगितले, की इंजिन उतरवून पाहावे लागेल. हे तिसरे मत सर्वांत महाग होते. कारण इंजिन उतरवून उघडण्याचा खर्च मोटारीच्या किमतीच्या घरात जाऊ शकतो. प्रश्न केवळ सुखसोयीचा राहिला नाही. निदान चुकले, तर एकतर विनाकारण खजिना रिता व्हायचा, नाहीतर खरोखरीचा दोष दुर्लक्षित राहून एके दिवशी भर रस्त्यात इंजिनाचा अंत व्हायचा.

येथे इंजिन थरथरते कशामुळे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. चार सिलिंडर एका ओळीत असलेल्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन वर जातात, तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली येतात. वरवर पाहता हा जमाखर्च चोख जुळतो : जेवढे वर, तेवढेच खाली. परंतु पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा जो दांडा, ज्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात, तो फिरताना तिरपा होतो आणि हा तिरपेपणा जमाखर्चात खोट आणतो. क्रँक पाव फेरा फिरली, की वरून निघालेला पिस्टन निम्म्याहून अधिक वाट उतरलेला असतो, तर खालून निघालेला निम्म्याहून कमी चढलेला असतो. वरच्या टोकाशी पिस्टनला मागे वळवायला जेवढा जोर लागतो, तेवढा खालच्या टोकाशी लागत नाही. म्हणून दोघांची वजाबाकी शून्य होत नाही. काही शिल्लक उरते, आणि ती शिल्लक प्रत्येक फेऱ्यात दोनदा सबंध इंजिनाला वर-खाली हिसका देते. इंजिनाची गती दुप्पट झाली, की हा हिसका चौपट होतो.

मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ साली निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा गिअरचा दांडा ज्यांनी थरथरताना पाहिला असेल, त्यांना चार सिलिंडरांच्या इंजिनाचा स्वभाव निराळा सांगायला नको. पण पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचे होते. पोर्श ९४४ चे इंजिन २४७९ घनसेंटिमीटरांचे आहे, म्हणजे दुपटीहून मोठे. आठ सिलिंडरांच्या पोर्श ९२८ या थोरल्या भावाच्या इंजिनाची एक बाजू घेऊन त्या धर्तीवर ते बेतलेले आहे. त्यातील एकेक पिस्टन शंभर मिलिमीटर व्यासाचा, चांगल्या मोठ्या वाटीएवढा. असे चार पिस्टन मिनिटाला पाच-सहा हजार वेळा खालीवर करू लागले, म्हणजे उरलेली शिल्लक किरकोळ राहत नाही.

यावरचा उपाय फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच शोधून ठेवला होता. लँचेस्टर (१८६८ ते १९४६) हा विलक्षण मनुष्य होता. त्याने मोटारी बनवल्या, विमानविद्येवर ग्रंथ लिहिले, आणि लढाईत दोन्ही बाजूंचे बळ कोणत्या नियमाने घटत जाते याचे गणितही मांडले. त्याने असे सुचवले, की इंजिनात एका बाजूला जड असलेले दोन शाफ्ट बसवावेत. ते परस्परांच्या उलट दिशेने आणि क्रँकच्या दुप्पट गतीने फिरावेत. त्यांचे आडवे जोर एकमेकांना मारतात, उभे जोर एकत्र होतात. आणि पिस्टनांचा हिसका वर असेल त्याच क्षणी यांचा जोर खाली असेल, अशी वेळ साधली की हिसका जागच्या जागी विरून जातो. ही युक्ती कित्येक दशके जवळजवळ पडून राहिली. १९७० नंतरच्या दशकात जपानमधील मित्सुबिशी कंपनीने तिला नवे रूप दिले, आणि पोर्शने तिच्याकडून परवाना घेऊन हे समतोल शाफ्ट आपल्या ९४४ मध्ये घातले. स्वतःच्या यंत्रविद्येचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या कंपनीने दुसऱ्याचे ऋण असे सरळ पत्करले, ही गोष्ट तिच्या मोठेपणाची म्हटली पाहिजे.

दात्यांचा एक पट्टा या दोन शाफ्टांना फिरवतो. सगळे काही या पट्ट्याच्या वेळेवर अवलंबून आहे. एक शाफ्ट अर्धा फेरा चुकवून बसवला, तर दोघांचे उभे जोर एकमेकांना मारू लागतात आणि आडवे जोर एकत्र होतात. म्हणजे पिस्टनांचा हिसका तसाच राहतो आणि वर एक आडवा हिसका नव्याने मिळतो. ज्याला शांतता राखण्यासाठी नेमले, तोच दंगा करू लागतो. एका दात्याची चूक इतकी भयंकर नसते, पण हातापायांना कळण्याइतकी असते.

आता त्या गृहस्थाच्या मोटारीकडे वळू. पहिला प्रश्न असा विचारायचा, की थरथर कोणाच्या मागे जाते : इंजिनाच्या गतीच्या, की चाकांच्या गतीच्या? याचे उत्तर रस्त्यावर दहा मिनिटांत मिळते. तिसऱ्या गिअरमध्ये ज्या वेगाला कंप येतो, तोच वेग कायम ठेवून चौथा गिअर टाकावा. चाके तितकीच फिरत आहेत, पण इंजिनाची गती उतरली. कंपही उतरला, तर त्याचे घर इंजिनाच्या बाजूला आहे. उतरला नाही, तर टायर, चाकांचा तोल आणि चाकांकडे जाणारे शाफ्ट यांच्याकडे वळावे; बॉनेट उघडण्याचे कारण नाही. ताशी शंभर किलोमीटर वेगाला अशा मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे चौदा फेरे घेते, तर साडेतीन हजारांवर चाललेले इंजिन अठ्ठावन्न. एकाचा ठेका जाड, दुसऱ्याचा बारीक. सवयीने हा फरक नुसत्या तळहाताला कळतो.

गृहस्थाच्या मोटारीत दोन्ही तक्रारी इंजिनाच्या गतीबरोबर जात होत्या. एवढ्यावरून ‘दोष इंजिनात’ असा निकाल देण्याचा मोह होतो, आणि याच ठिकाणी ९४४ अनोळखी मिस्त्रीला चकवते. हिच्यात इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असतो. दोघांमध्ये एक लांब नळी असून तिच्या आत, बेअरिंगांच्या आधाराने, एक बारीक शाफ्ट फिरतो. क्लच इंजिनालाच लागून असल्यामुळे हा शाफ्ट नेहमी इंजिनाच्या गतीने फिरतो. मोटार उभी असली आणि गिअर न्यूट्रलमध्ये असला तरीही. त्या नळीतल्या बेअरिंगा झिजल्या, तर त्यांची कुरकुर हुबेहूब इंजिनाच्या आवाजात उमटते.

म्हणून दुसरा प्रश्न. मोटार सपाट जागी उभी करून, हातब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये इंजिन कंपाच्या गतीपर्यंत न्यावे. कंप आला, की क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा. पाय क्लचवरून सुटता कामा नये, समोर माणूस नसावा, हे सांगायला नकोच. आता मागचा शाफ्ट खात्रीने थांबलेला आहे आणि इंजिन एकटेच फिरत आहे. कंप गेला, तर संशय नळीतल्या बेअरिंगांवर आणि क्लचच्या तबकडीवर. या मोटारींच्या मूळच्या तबकडीच्या मध्यभागी धक्के सोसण्यासाठी रबर घातलेले असे, आणि वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने ते रबर तडकून सुटते. कंप राहिला, तर मात्र आरोप इंजिनावर, त्याच्या फ्लायव्हीलवर किंवा क्लचच्या दाबतबकडीवर. एका पायाच्या दाबाने संशयितांची यादी निम्मी होते आणि खर्च काहीच येत नाही.

गृहस्थाच्या मोटारीत कंप राहिला. पण येथे एक गोष्ट विसरता कामा नये. तक्रारी दोन होत्या, आणि दोन तक्रारींचे मूळ एकच असते हा समज कचेरीत जितका घातक, तितकाच गॅरेजात. थांबलेल्या मोटारीतली थरथर आणि साडेतीन हजारांवरचा बारीक कंप यांना वेगवेगळे प्रश्न विचारायला हवेत.

थांबलेल्या मोटारीचे इंजिन मिनिटाला आठशे-नऊशे फेऱ्यांवर चालते. एवढ्या गतीला पिस्टनांच्या शिलकीचा हिसका क्षुल्लक असतो. समतोल शाफ्ट चुकलेले असले, तरी येथे त्यांचे फारसे चालत नाही. येथे थरथर येते ती सिलिंडरांतील स्फोटांच्या ठोक्यांतून. नऊशे फेऱ्यांना सेकंदाला तीस ठोके पडतात, आणि ते सारखे असले तर एकजीव वाटतात. चारांपैकी एक सिलिंडर कामचुकार निघाला, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ मारू लागली, की सेकंदाला साडेसात वेळा एक खड्डा पडतो. हा लंगडा ठेका जवळजवळ मोजता येतो. सायलेन्सरच्या तोंडापाशी उभे राहिले तरी तो ऐकू येतो. अशा वेळी एकेका सिलिंडरच्या इंधनाच्या फवाऱ्याची वायर क्रमाने काढून पाहावी. काम करणारा सिलिंडर बंद केला, तर इंजिन आणखी मंदावते. कामचुकार बंद केला, तर काहीच फरक पडत नाही. प्लगची वायर ओढून पाहण्याची जुनी पद्धत येथे टाळावी. विजेचा झटका जबर असतो, आणि न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन धूर शुद्ध करणाऱ्या पेटीची खराबी करते. सिलिंडर सापडला, की मग प्लग, वायर, वितरकाचे झाकण, इंधनाचा फवारा, हवेच्या मार्गातील तडकलेली रबरी नळी, आणि शेवटी सिलिंडरमधला दाब, अशा स्वस्तापासून महागाकडे जाणाऱ्या क्रमाने पाहावे.

त्या मोटारीत चारही सिलिंडर सारखे काम करीत होते. ठोका एकसारखा, तरीही सुकाणू थरथरत होते. याचा अर्थ इंजिन निर्दोष असून त्याचे ठोके मोटारीच्या सांगाड्यापर्यंत पोचू देणारे कोणीतरी बेपर्वा झाले होते. इंजिन ज्यांच्यावर टेकलेले असते, त्या दोन आधारांना आपल्याकडील गॅरेजांत ‘फाउंडेशन’ म्हणतात. ९४४ मध्ये ते नुसत्या रबराचे नाहीत. आत द्रव भरलेला असतो, आणि तो बारीक छिद्रांतून इकडून तिकडे सरकताना कंप गिळून टाकतो. वर्षे लोटली, की रबर चिरते, द्रव निघून जातो आणि इंजिन बोटभर खाली बसते. निकासाच्या तापलेल्या नळ्यांच्या शेजारचा आधार बहुधा आधी दगावतो. परीक्षा सोपी आहे : इंजिनाखाली जॅक आणि मध्ये जाड लाकडी ठोकळा ठेवून इंजिनाचे वजन अगदी किंचित उचलून धरावे. ठोकळा विसरल्यास ॲल्युमिनियमच्या तेलपेटीचे तुकडे होतील. थरथर लक्षात येण्याइतकी घटली, तर अपराधी सापडला. गृहस्थाच्या मोटारीत ती एकदम घटली. नवे आधार घेताना द्रव भरलेलेच घ्यावेत. केवळ रबराचे, स्वस्त आधार बसवून थरथर कायम राहिली, की लोक पुन्हा इंजिनावर संशय घेऊ लागतात आणि सगळा तपास पहिल्यापासून सुरू होतो.

राहिला बारीक कंप. नवे आधार बसल्यावर तो थोडा सौम्य झाला, गेला नाही. जो दोष थांबलेल्या इंजिनात दिसत नाही आणि गतीबरोबर वाढत जातो, त्याच्या बाबतीत समतोल शाफ्टांची चौकशी प्रथम करावी. विशेषतः मागल्या मालकाने अलीकडेच पट्टे बदलून घेतल्याची पावती गाडीबरोबर मिळाली असेल, तर अवश्य करावी. पट्टे बदलल्याची पावती ही खरेदीदाराला मोठा दिलासा वाटते, आणि ते योग्यही आहे. कारण या इंजिनात व्हॉल्व्ह चालवणारा मुख्य पट्टा तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून ते वाकवतात. परंतु पट्टा नवा असणे आणि तो बरोबर बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाफ्टांच्या दातेरी चाकांवर खुणा केलेल्या असतात. पुढचे झाकण काढून, क्रँक तिच्या खुणेवर आणून त्या जुळतात की नाही ते पाहणे, एवढेच काम. ज्यांना ताळा हवा, त्यांनी समतोल पट्टा काढून इंजिन क्षणभर चालवून पाहावे. या पट्ट्याविना इंजिन चालते, फक्त खडबडीत चालते. पट्टा काढल्यावर कंप वाढण्याऐवजी कमी झाला, तर शाफ्ट चुकीच्या वेळेवर होते, याविषयी शंका उरत नाही. खुणा पाहिल्या, तेव्हा गृहस्थाच्या मोटारीत एक शाफ्ट एक दाता पुढे निघाला. चूक दुरुस्त करायला लागली ती अर्ध्या दिवसाची मजुरी.

आणि शेजारी म्हणाला होता त्या बेअरिंगांचे काय? ती भीती सर्वस्वी निराधार नव्हती. या इंजिनातील दुसऱ्या क्रमांकाच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग हे ९४४ बाळगणाऱ्यांच्या बोलण्यातले जुने दुखणे आहे. पण बेअरिंग झिजते तेव्हा ती थरथरून सांगत नाही, ठोके देऊन सांगते. इंजिन तापल्यावर आणि त्याच्यावर भार पडल्यावर खोलातून बोथट ठकठक येते, आणि तेलाच्या दाबाचा काटा खाली झुकतो. हा काटा या मोटारीत समोरच दिलेला आहे. काटा जागेवर असेल आणि ठोका नसेल, तर केवळ थरथरीच्या जोरावर इंजिन उघडू नये. उलट ठोका ऐकू आला, तर मात्र घरापर्यंतही चालवू नये. तेथेच बंद करून ओढून न्यावी.

दोन्ही दोष गेले, आणि आता इतके दिवस कोणाच्या लक्षात न आलेली तिसरी गोष्ट पुढे आली. ताशी शंभरच्या आसपास सुकाणूचे चाक हलकेच डावी-उजवीकडे हेलावत होते. गृहस्थ क्षणभर हबकला. मग त्याने गिअर बदलून पाहिला. हेलकावा तसाच राहिला. न्यूट्रलमध्ये गाडी वाहू दिली, तरीही तसाच. पुढच्या चाकाला लावलेले शिशाचे वजन कधीतरी गळून पडले होते. त्यासाठी पोर्शचा तज्ज्ञ लागत नाही. टायरवाल्याकडचे अर्ध्या तासाचे काम.